डाव्या कानाची जबानी

मान खाली गेली. मी घातली नाही, ती आपोआप गेली, आणि दोन्ही हात उठून कानांवर आले. सकाळचे साडेदहा, माजी सैनिकांचा दवाखाना, टोकन धरून बसलेली पंधरा-वीस माणसं, आणि त्यांच्यादेखत सेहेचाळीस वर्षांचा मी, निवृत्त हवालदार कानिफनाथ, खुर्चीत गोळा होऊन बसलेला. झालं होतं एवढंच, की मागून येऊन कोणीतरी माझ्या मानेवर हात ठेवला होता. मारला नव्हता, ठेवला होता. मागं वळून बघायची गरजच नव्हती. सत्तावीस वर्षं झाली तरी त्या पंजाचं वजन माझ्या मानेला पाठ आहे, अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या घट्ट्यासकट. "काय रे वाघा, बसल्या जागी झोपला व्हय?" असं म्हणत कल्याण उस्ताद, रिक्रूट असताना मला कवायत शिकवलेले, माझ्या डाव्या बाजूच्या खुर्चीत बसले. माणसं हसली. दोन्ही हात कानावरून काढून मांडीवर ठेवताना मला ते परक्याचे असल्यासारखे वाटले. गुडघ्यांवर पडून राहिले नुसते.

त्यांना मीच बोलावलं होतं, हीच तर खरी लाज. माझा डावा कान पूर्ण गेलाय, उजवा निम्मा. मागल्या महिन्यात तिसगावच्या बाजारात उसाचा टेम्पो मागून हॉर्न देत देत माझ्या अंगावर आला आणि मला कळलं ते टेम्पोचं बोनेट पाठीला लागल्यावर. ड्रायव्हर आईवरून बोलला. पडल्यापडल्या त्याच्या ओठांवरून मी ती शिवी वाचली. बायकोनं मग फायली काढायला लावल्या. कान नोकरीत गेला हे ठरलं तर अपंगत्वाचं पेन्शन बसतं. पण कागद विचारतो, इजा केव्हा झाली, कशी झाली, कोणी पाहिली. त्या वेळचा, त्या जागेवरचा एक साक्षीदार हवा. माझ्या स्क्वाडमधली चारच नावं मला आठवली. एक वारला, दोघांचा पत्ता नाही, चौथ्यानं फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाला, भाऊ, माझं नाव घेऊ नको. शेवटी मी उस्तादांना फोन लावला. ते बेलापूरला असतात, सुभेदार होऊन निवृत्त झाले. एका क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "येतो की! रेंजवर रॉकेट लाँचर कानाशी फुटलं, असं लिहू. सही माझी. आपल्या पोराला आपण न्हाई तर कोन?" आपलं पोर! फोन ठेवल्यावर मी अंगणात उभा राहून थुंकलो, आणि रात्री मात्र निवांत झोपलो. दोन्ही खरं आहे.

"पायदळवाले अजून वाकतात म्हणायचे," समोरच्या खुर्चीतून फैयाजभाई म्हणाला. हा नगर शहरातलाच, नौदलात जहाजाच्या इंजिनखोलीत पंधरा वर्षं काढलेला, शुगरच्या गोळ्या न्यायला दर महिन्याला येतो आणि सगळ्यांची टिंगल करतो. "आमच्या जहाजावर कोणी कोणाला मारायचं नाही. का माहितीय का? हात फिरवायला जागाच नाही! तीन-तीन बंक एकावर एक. थप्पड उगारली तर कोपर तिसऱ्याच्याच नाकात." पुन्हा हशा. उस्तादही हसले. "म्हून तर तुमची पोटं सुटली," ते म्हणाले. "फौज म्हंजी पायदळ. बाकी समदी नोकरदार मान्सं. हा आपला पाव्हना बघ, पंख्याखालचा." पाव्हणा म्हणजे फैयाजभाईच्या शेजारचे वारंट ऑफिसर ज्ञानेश्वर साहेब. कोल्हारचे, हवाई दलातले, बावीस वर्षं विमानाच्या पोटाखाली इंजिनं उघडण्यात गेलेली. किडकिडीत माणूस, शर्टाच्या खिशाला पेन, बोलणं अगदी सावकाश. ते चिडले नाहीत. म्हणाले, "पंख्याखालचे तर पंख्याखालचे. पण सुभेदार साहेब, आमच्याकडं एक पाना हरवला तर सगळी विमानं जमिनीवर थांबतात. पाना सापडेपर्यंत एकही उडत नाही. आणि ज्याच्या हातून हरवला त्यानं उठून सांगायचं असतं, माझ्याकडून हरवला. सांगितलं तर त्याला कोणी बोट लावत नाही. लपवलं तर मात्र घरी."

"आन् मारत न्हाईत?"

"मारलं तर पुढच्या वेळी तो सांगेल का? आणि वर विमानात बसलेला पायलट मरेल."

उस्तादांनी माझ्याकडं बघून डोळा मारला, म्हणजे बघ कशी बायकांची फौज. मीही हसलो. हसावं लागतं. पण माझा निम्मा कान ज्ञानेश्वरांच्या त्या वाक्यावर अडकून पडला, उठून सांगायचं असतं. आमच्याकडं उठून सांगणाऱ्याला काय मिळायचं ते मला माहीत होतं. आमच्या बराकीत एकानं सांगितलं होतं, डॉक्टरला, कोणी मारलं ते, उस्तादांचं नाव घेऊन. दुसऱ्या दिवशी त्याच्या डोक्यावर कांबळं टाकून चाळीस जणांनी त्याला तुडवला. उस्तादांनी नाही, आम्ही. मीही. माझ्या बुटाखाली त्याची बरगडी लवली ते मला कळलं होतं, ओल्या फांदीवर पाय पडल्यासारखं. तो ओरडत नव्हता. आणि आम्हाला कोणी सांगितलंही नव्हतं, हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. हुकूम नव्हता. आम्हालाच वाटलं की हे आता आपलंच काम आहे.

उस्ताद माझ्या बहिऱ्या बाजूला बसून काहीतरी बोलत होते. मला नुसते ओठ दिसत होते, पांढऱ्या मिशीखाली हलणारे, आणि मध्येच दिसणारा चांदीचा दात. म्हातारे झालेत. चौसष्ट तरी असतील. मनगटं मात्र तशीच. पहिल्या दिवशी मी ती मनगटं बघितली तेव्हा मला आमच्या वस्तीवरचा पाथरवट आठवला होता. एकोणीस वर्षांचा होतो, पायात पहिल्यांदाच चामड्याचे बूट, दहा वाजता मैदान तव्यासारखं. तिसरा आठवडा. दाहिने मुड झालं आणि मी डावीकडं वळलो. सगळं स्क्वाड एका बाजूला आणि माझं तोंड एकट्याचं दुसऱ्या बाजूला, पलीकडं उभ्या असलेल्या कडुलिंबाकडं. ते सावकाश चालत आले. रागावलेले नव्हते, हे मला नीट आठवतं. कंटाळलेले होते. एखादं ढेकूळ फोडायचं राहून गेलं म्हणून माणूस दोन पावलं मागं येतो तसे आले, आणि पंजा खोलगट करून कानावर मारला. आवाज बाहेर झालाच नाही. आत झाला. डोक्यात कोणीतरी दार आपटून बंद केलं आणि मग त्या दारापलीकडं एक शिट्टी सुरू झाली, ती आज सकाळीही चालू होती, आत्ताही आहे. उशीवर पिवळं पाणी, मग रक्त, मग आठवडाभर असा वास की शेजारच्या खाटेवरच्यानं खाट सरकवली. औषधखान्यात विचारलं, मी म्हणालो, आंघोळीचं पाणी गेलं. कंपाउंडरनं मान डोलवली. त्यानं ते पाणी माझ्याआधी शंभरदा ऐकलं असणार. आणि त्याच संध्याकाळी उस्ताद स्वतः माझ्या खाटेशी आले, हातात पितळी पेला, दुधात दोन अंडी फेटलेली. "पी वाघा." मी प्यालो आणि रडलो. मार खाल्ल्यावर रडलो नव्हतो, दूध पिऊन रडलो. बापानं जन्मात कधी पेला हातात दिला नव्हता. त्या दिवसापासून मी त्या माणसाचा कुत्रा झालो. कान गेल्याचा मला राग नाही. त्या दुधाचा आहे.

खोलगट पंजाची विद्या मला पुढं त्यांनीच दिली. अकरा वर्षांनी मी हवालदार होऊन त्याच ट्रेनिंग सेंटरला शिकवायला गेलो तेव्हा ते तिथंच सुभेदार होते. पहिल्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "पंजा सपाट ठिवायचा न्हाई. बोटं उठत्यात. बोटं उठली की डॉक्टर इचारतो. ओंजळ धरल्यासारखा धर. आत हवा जाती, डाग राहत न्हाई." त्यांनी माझा हात हातात घेऊन बोटं वाकवून दाखवली, पाटीवर अक्षर गिरवून घ्यावं तशी. मी गिरवलं. तीन वर्षांत किती जणांवर गिरवलं ते मोजलं नाही. एकच लक्षात आहे, छातीवर एकवीस नंबर असलेला. नाव माहीत नाही. आमच्यात रिक्रूटला नाव नसतं, नंबर असतो. डोंगरातला कुठलातरी पोरगा, गोरा, ओठ सतत फुटलेले. त्याचंही वळण चुकलं. मी चालत गेलो, सावकाश. मीही रागावलेला नव्हतो. मारल्यावर तो पडला नाही, त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि त्या बघण्यात द्वेष असता तर मी आज मजेत असतो. त्यात एक प्रकारची खात्री होती. म्हणजे तुम्ही सगळे असेच ना, एवढीच. त्याच्या कानातून एक बारीक लाल रेघ खाली आली आणि कॉलरमध्ये शिरली. संध्याकाळी मी त्याच्यासाठी दूध घेऊन गेलो नाही. मेसमध्ये अंडी संपली होती.

आज तोही कुठल्यातरी गावच्या दवाखान्यात असाच टोकन धरून बसला असेल. साक्षीदार शोधत असेल. मला त्याचा फोन आला असता तर? तर मी हसत गेलो असतो, हे कबूल करतो. लाँचर कानाशी फुटलं, असं ठोकून लिहिलं असतं आणि परत येताना मी एका पोराचं भलं केलं म्हणून छाती फुगवली असती.

"आमचे कान पण गेलेत," फैयाजभाई ज्ञानेश्वरांना सांगत होता. "खाली इंजिनात अठ्ठेचाळीस डिग्री, आवाज असा की शेजारचा मेला तरी कळायचं नाही. पण दरवर्षी तपासायचे. पुस्तकात लिहायचे, यंदा एवढा गेला, यंदा एवढा. माझा कान असा हप्त्यानं गेला भाई!" ज्ञानेश्वर म्हणाले, "आमचंही तसंच. नोंद होती म्हणून मला काही सिद्ध करावं लागलं नाही." मला त्या दोघांचा हेवा वाटला, आणि हेवा कशाचा, तर त्यांच्या बहिरेपणाचा. त्यांचे कान माणसांच्या डोळ्यांसमोर गेले होते. माझा कान चाळीस माणसांसमोर मैदानात गेला आणि कोणी पाहिलाच नाही.

उस्तादांनी चष्मा लावला, ज्ञानेश्वरांकडूनच पेन मागून घेतलं, गुडघ्यावर फाईल ठेवून जबानी लिहायला घेतली. अक्षर मोठं, बाळबोध. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होते, माझा उजवा कान त्यांच्याकडं वळवून मी ऐकत होतो. सदर जवान माझ्यासमोर रेंजवर असताना. माझ्यासमोर. तेवढा एक शब्द खरा होता.

"उस्ताद," मी म्हणालो, "लाँचर नव्हतं."

"मंग काय हुतं?"

"तुमी हुतात."

त्यांना क्षणभर कळलं नाही. मग कळलं, आणि ते खदखदून हसले, चांदीच्या दातासकट. "आरं, कोनाकोनाचं ध्यानात ठिऊ? हजारभर पोरं गेली या हाताखालून." त्यांनी पंजा पुढं करून उलटसुलट बघितला, एखादं जुनं अवजार बघावं तसा. "आन् त्याच मारानं तू आज हितं बसलायस. वर बर्फात गोळी आली तवा मान कोनी वाकवली तुजी?"

हे त्यांनी बोलायला नको होतं, कारण ते खरं होतं. दोन हजार तीन साली, सीमेवर, नाल्याच्या वळणावर, माझी मान आज गेली तशीच आपोआप खाली गेली होती. आवाज ऐकून नाही, डाव्या बाजूनं मला काही ऐकूच येत नाही. हवेत काहीतरी हललं, एवढ्यावरच ती गेली. माझ्या मागं जो होता तो दुसऱ्या सेंटरहून आलेला, त्याला असा मार बसला नव्हता. त्याची मान सरळ होती. गोळी गळ्यातून आरपार गेली. तो माझ्या पाठीवर पडला आणि त्याचं गरम रक्त माझ्या कोटाच्या आत, पार कंबरेपर्यंत उतरलं, आणि मी त्या उबेला बरं म्हटलं. थंडी फार होती. इतकी वर्षं मी हा हिशोब लावत आलोय, की कान दिला आणि बदल्यात जीव मिळाला. हा हिशोब मी स्वतःच लावला, उस्तादांनी नव्हे. त्यांना लावायची गरजच पडली नाही, आम्ही सगळे आपापला लावून तयार असतो.

"खरं हाय," मी म्हणालो. "तेच लिवा मंग. याच्या कानावर माझ्या हातानं मारली, कान फुटला, पुढं जीव वाचला. समदं लिवा. खाली सही करा."

"आन् माझी पेन्शन? माझी इज्जत?" आता ते हसत नव्हते. "मी हितवर एसटीनं हेलपाटा घातला तो तुला पेन्शन बसावी म्हनून. खुळा झाला का कानिफ?"

"तुमी पाहिलंय. दुसरं कोनी न्हाई."

"म्या काय बी पाहिलं न्हाई," ते म्हणाले, आणि जबानीचा कागद चार ठिकाणी फाडला. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांचा चेहरा मऊ झाला. पोर रुसलं आहे, जवळ घ्यावं, अशा चेहऱ्यानं त्यांनी हात माझ्या मानेकडं आणला.

तो हात प्रेमानंच येत होता, यात मला आजही शंका नाही. पण माझी मान या वेळी खाली गेली नाही. माझा हात गेला. पंजा ओंजळीसारखा वाकलेला, बोटं आत, अगदी शिकवल्याप्रमाणं, त्यांच्या डाव्या कानावर. आवाज झाला, डब्याचं झाकण लागावं तसा. ते खुर्चीवरून एका कुशीवर कोसळले, चष्मा फरशीवर घसरत फैयाजभाईच्या पायाशी गेला. कानातून रक्त आलं. आधी एक थेंब, मग रेघ, सुरकुत्यांतून वाट काढत पांढऱ्या कॉलरीत. आणि मला बरं वाटलं. हे लपवून काय करू? खांद्यापासून बोटांपर्यंत काहीतरी गोड वाहत गेलं, भुकेल्या पोटात दूध जावं तसं. दुसरी मारायला हात पुन्हा वर आला होता. फैयाजभाईनं मागून मिठी मारून धरला. "अरे छोड, म्हातारा आहे, मरेल तो!" त्याचं पोट माझ्या पाठीला घट्ट लागलं होतं.

उस्तादांनी खालूनच माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत मी राग शोधला, भीती शोधली. तिथं अभिमान होता. रक्ताळलेला हात कानावर ठेवून, धापा टाकत ते म्हणाले, "अस्सा! पंजा बराबर बसला." तेव्हा मला कळलं. मी मारलं नव्हतंच, मी त्यांना शिकलेला धडा करून दाखवला होता, आणि त्यांनी मला पास केलं होतं.

आतल्या खोलीतून डॉक्टर मोनिका मॅडम धावत आल्या, गळ्यात नळी, हातात हातमोजा अर्धा घातलेला. "काय झालं? कोणी मारलं यांना?" वीस माणसं. त्यांतली निम्मी पायदळातली. सगळ्यांनी आपापल्या बुटांकडं बघितलं. इतकी शिस्त मी परेडलाही बघितली नव्हती. उस्ताद भिंतीला धरून बसते झाले. "काय न्हाई म्याडम, चक्कर आली, पडलो," ते म्हणाले. बारीक आवाजात, शहाण्या रिक्रूटसारखे. आणि मला वाचवून झाल्यावर माझ्याकडं बघून हसले. आता सगळं पुन्हा पहिल्यासारखं होणार होतं. संध्याकाळी कदाचित आम्ही दोघं मिळून चहाही प्यालो असतो, आणि उद्या त्यांनी लाँचरची जबानी नव्यानं लिहून दिली असती, आणि मी ती घेतली असती. माझं तोंड उघडलं होतं, पण त्यातून काय येणार होतं ते मला माहीत नव्हतं. बहुतेक काहीच आलं नसतं.

ज्ञानेश्वर उठले. त्यांचे गुडघे दुखतात, खुर्चीचा हात धरून उठले. "चक्कर नाही मॅडम," ते म्हणाले. "ह्या कानिफनाथांनी मारलं. कानावर, उजव्या हातानं. मी बघितलं. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती."

"ए पंख्याखालच्या, गप बस!" उस्ताद खालून गुरगुरले. "आमच्या आमच्यातलं हाय हे."

"मी बघितलं ते सांगतोय," ज्ञानेश्वर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. पाना हरवला तर हरवला, इतका साधा. "पोलिसांना लिहून द्यायचं असेल तर लिहूनही देतो."

सत्तावीस वर्षं मी या वाक्याची वाट बघत होतो आणि ते मला माझ्याविरुद्ध मिळालं. फैयाजभाईची मिठी सैल झाली. मी ज्ञानेश्वरांकडं चालत गेलो. मागं कोणीतरी म्हणालं, धरा त्याला, कारण मी कसा चालत होतो ते सगळ्यांना दिसत होतं, सावकाश, दोन पावलं ढेकूळ फोडायला निघाल्यासारखा. दुसरं चालणं मला येतच नाही. त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. शर्टाचा खिसा रिकामा होता, पेन फरशीवर कुठंतरी पडलं होतं.

"पुन्ना म्हना," मी म्हणालो. "मोठ्यानं. मला नीट ऐकू येत न्हाई."

ते घाबरले. माझ्या हातांकडं बघत एक पाऊल मागं सरले, पाठ भिंतीला लागली. आणि त्यांनी ते पुन्हा सांगितलं.